मुलांना पुस्तक वाचून कसे दाखवावे

चातुर्मासात अजूनही अनेक गावांतील देवळांत पोथी लागते. दिवेलागणीनंतर माणसे जमतात, एक जण ओव्या वाचतो, दुसरा त्यांचा अर्थ सांगतो, मध्येच कोणी शंका काढतो, आणि भिंतीला टेकून पेंगणारी एखादी आजी नेमकी पांडव वनवासाला निघताना जागी होते. अध्याय संपला की पोथी पुन्हा कापडात बांधून ठेवली जाते. काल काय ऐकले ते सांगा, असे दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला विचारत नाही, तरीही माणसे येतात. मोठ्याने वाचणे आणि एकत्र बसून ऐकणे आपल्याला नवे नाही. घरात मूल आले की मात्र आपण वाचनाला अभ्यासाच्या रांगेत नेऊन बसवतो, आणि त्यातली गंमत तिथेच आटते.

तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात दर शनिवारी मुलांना पुस्तके वाचून दाखवण्याचे काम मी बरीच वर्षे केले आणि घरी दोन मुलांना जवळजवळ रोज वाचून दाखवले. त्या अनुभवातून हाती लागलेली पद्धत इथे क्रमाने मांडली आहे. ती पालकांना उपयोगी पडेल, तशीच बालवाडीच्या ताईंना आणि वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनाही पडावी.

आधी पुस्तक स्वतः वाचावे

बहुतेक फजिती या पहिल्या पायरीवरच टाळता येते. चित्रपुस्तक असेल तर ते पूर्ण आणि मोठे पुस्तक असेल तर त्या दिवशीचे प्रकरण, आदल्या दिवशी किंवा निदान तासभर आधी, एकदा मोठ्याने वाचून पाहावे. मनातल्या मनात वाचताना गुळगुळीत वाटणारे वाक्य तोंडाने वाचताना अडखळायला लावते, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत पोहोचता पोहोचता श्वास संपतो, आणि कोणते वाक्य कोण बोलत आहे हे ओळीच्या शेवटी कळते. असे वाक्य आधी सापडले की श्वास कुठे घ्यायचा आणि संवाद कोणाचा हे ठरवून ठेवता येते.

आधी वाचण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जुन्या गोष्टींत दुष्ट सावत्र आई असते, रंगावरून किंवा शरीरावरून केलेली थट्टा असते, मुलाला बदडून काढल्याचे कौतुक असते. समोरच्या मुलांपैकी एखाद्याची आई खरोखर सावत्र असेल आणि त्याचे तिच्यावर प्रेम असेल, तर ती गोष्ट त्या मुलाला कशी लागेल याचा विचार वाचता वाचता करता येत नाही. एकदा मी असा विचार न करता वाचायला बसलो होतो आणि समोरच्या मुलीचा चेहरा बघून प्रकरण अर्ध्यातच मिटवावे लागले. अशी गोष्ट टाकून द्यायची, थांबून तिच्याविषयी बोलायचे की मोठ्या मुलांसाठी राखून ठेवायची, हा निर्णय शांतपणे घरी घ्यावा.

वेळ आणि जागा

याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रोज एकच वेळ असावी, कारण मुलाला वेळ कळते ती घड्याळापेक्षा क्रमाने: जेवण झाले, दात घासले, आता पुस्तक. लहान मुलांसाठी दहा मिनिटे पुरतात आणि सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी वीस. दूरदर्शन संच बंद असावा आणि फोन दुसऱ्या खोलीत असावा. फोन उलटा ठेवला तरी तो वाजण्याची वाट मोठी माणसेच पाहत असतात. प्रकाश वाचणाऱ्याच्या मागून पुस्तकावर पडेल असे बसावे, आणि पुस्तक मुलाला नीट दिसेल असे धरावे, मग आपली मान थोडी वाकडी झाली तरी चालेल. झोपण्याची वेळ जमत नसेल तर दुसरी कोणतीही वेळ चालते. वाचनालयात येणाऱ्या एका आई रात्रपाळी करत, त्या सकाळी मुलीची वेणी घालून झाल्यावर तिला चार पाने वाचून दाखवत, आणि त्या घरात पुस्तक कधी चुकले नाही.

वयाप्रमाणे पुस्तक निवडताना

तान्ह्या बाळाला वाचून दाखवण्यात काय अर्थ आहे, असे आजी-आजोबा हमखास विचारतात. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे स्पष्ट दिसते, म्हणजे मांडीवर घेणाऱ्याच्या चेहऱ्याइतके. आवाज मात्र ते जन्माआधीपासून ओळखत असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली आपल्या डॉक्टरांना सांगितले की, मुलांना तान्हेपणापासूनच वाचून दाखवावे असा सल्ला पालकांना द्यावा. आपल्याकडे ‘अडगुलं मडगुलं’ आणि ‘इथे इथे बस रे मोरा’ म्हणणाऱ्या बायकांना हे कोणी सांगावे लागले नव्हते. या वयात पुस्तक कोणते याला महत्त्व नाही. ताल असलेली बडबडगीते, जाड पुठ्ठ्याची किंवा कापडी पुस्तके, आणि काहीच नसेल तर वर्तमानपत्रातली बातमी लाडाच्या आवाजात वाचली तरी चालते. पुस्तक तोंडात जाणारच, ते ओढून घेऊ नये.

दीड-दोन वर्षांपासून चारपर्यंत पानावर एक-दोन ओळी आणि एक मोठे चित्र असलेली पुस्तके घ्यावीत. या वयाला सर्वांत मानवतात त्या पालुपदाच्या गोष्टी. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येऊन ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’ म्हणतो, तेव्हा ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते’ हे चिमणीचे उत्तर दुसऱ्या वेळेपासून मुलेच देऊ लागतात. म्हातारीच्या गोष्टीतला ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ तर वाचणाऱ्याला म्हणूच देत नाहीत. चौथ्या-पाचव्या वर्षानंतर गोष्टीत एक अडचण आणि तिची उकल असावी लागते. सहा-सातपासून प्रकरणांची पुस्तके ऐकण्याचा धीर येतो. मूल स्वतः जे वाचू शकते त्याच्या दोन इयत्ता पुढचे ते ऐकून समजू शकते, असे मी ढोबळ मानाने धरतो. म्हणून दुसरीतल्या मुलाला जोडाक्षरे जमत नाहीत एवढ्यावरून त्याला बिनजोडाक्षरांची पुस्तके वाचून दाखवत बसू नये.

निवड करताना माझी एकच कसोटी आहे: वाचणाऱ्याला ते पुस्तक आवडले पाहिजे. कंटाळलेल्या आवाजाने वाचलेले बोधप्रद पुस्तक मुलाला पाचव्या मिनिटाला कळते, आणि त्याला कळतो तो बोध नव्हे, कंटाळा.

मुखपृष्ठ

वाचायला बसल्यावर थेट पहिल्या ओळीवर उडी घेऊ नये. मुखपृष्ठ दाखवावे, नाव वाचावे, लिहिणाऱ्याचे आणि चित्रे काढणाऱ्याचे नाव आवर्जून वाचावे. पुस्तक माणसे करतात हे मुलाला कोणी वेगळे सांगत नाही. ते या दोन नावांतून कळते, आणि काही महिन्यांनी मूल दुसरेच पुस्तक हातात घेऊन ‘ही चित्रे त्याच काकांची आहेत’ असे सांगते. चित्रावरून गोष्ट कशाची असेल, यावर मुलाला दोन वाक्ये बोलू द्यावीत. त्याचा अंदाज चुकीचा असला तरी दुरुस्त करू नये, दुरुस्त करण्याचे काम पुस्तक करील.

आवाज, गती आणि थांबणे

अनेकांना वाटते की वाचून दाखवायचे म्हणजे नाटक करता आले पाहिजे, वाघाचा आवाज वेगळा, सशाचा वेगळा. ते जमत असेल तर उत्तम. पण प्रत्येक पात्राला वेगळा आवाज दिला की तिसऱ्या प्रकरणात कोल्ह्याचा आवाज कोणता होता हे आपणच विसरतो, आणि मुले मात्र विसरलेली नसतात. त्यापेक्षा गतीचा आणि पट्टीचा उपयोग करावा. घाबरलेले पात्र भरभर आणि तुटक बोलते, म्हातारे पात्र थांबत थांबत बोलते, लबाड पात्र गोड आणि सावकाश बोलते, एवढ्यावर भागते. आवाज वाढवण्याने मुले दचकतात, तर आवाज उतरवण्याने ती पुढे सरकतात. खोलीत गलका वाढला तेव्हा मी ओरडून कधी जिंकलो नाही. कुजबुजत्या आवाजात पुढचे वाक्य वाचले की पहिल्या रांगेतील मुलेच मागच्यांना गप्प करत.

गती नेहमीच्या बोलण्यापेक्षा कमी असावी. मुलांसमोर मिनिटाला साधारण शंभर शब्द वाचले तर ऐकणाऱ्याला चित्र पाहायला आणि मनात चित्र उभे करायला वेळ मिळतो. नवखा वाचणारा याच्या जवळजवळ दुपटीने पळतो, कारण शांततेची त्याला भीती वाटते. प्रत्येक पान वाचून झाल्यावर, उलटण्याआधी, मनात पाच आकडे मोजावेत. मूल त्या पाच आकड्यांत चित्राच्या कोपऱ्यातली, आपल्याला न दिसलेली मांजर शोधते.

पान उलटणे हा वाचणाऱ्याच्या हातातला सर्वांत मोठा डाव आहे. चांगल्या चित्रपुस्तकात महत्त्वाची गोष्ट बहुधा पुढच्या पानावर असते. ‘आणि दार उघडून पाहते तर...’ इथे थांबून, पानाचा कोपरा बोटात धरून मुलाकडे पाहावे. इथे घाई केली तर चित्रकाराने जपून ठेवलेली गंमत वाया जाते.

छापील मराठी आणि तोंडची मराठी

मराठी वाचणाऱ्यासमोर एक प्रश्न असतो, ज्याचा विचार सहसा होत नाही. पुस्तकात ‘त्याने दार उघडले आणि मुले पळाली’ असे छापलेले असते, आणि घरात आपण ‘त्यानं दार उघडलं आणि मुलं पळाली’ असे म्हणतो. वाचताना कोणते म्हणावे? पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला बोलण्यातले रूप वाचून दाखवावे, असे माझे मत आहे, कारण त्याला अजून अक्षरे दिसत नाहीत आणि घरचा आवाज त्याला जवळचा वाटतो. सहा-सात वर्षांचे, अक्षरांवरून नजर फिरवणारे मूल मांडीवर असेल तर निवेदन छापले आहे तसेच वाचावे आणि संवाद बोलण्यासारखे ठेवावेत. तसे केले नाही तर ‘बाबा, इथे उघडले लिहिलंय’ अशी चूक ते काढतेच. दोन्हींची सरमिसळ एकाच वाक्यात करू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट उच्चारांची. देवनागरीत च, ज, झ ही अक्षरे एकेकच आहेत, उच्चार मात्र दोन-दोन आहेत. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळा. ‘माझा’ मध्ये झ एक आणि ‘माझी’ म्हणताच तो दुसरा होतो. चिमणीचा च तालव्य, तिच्या चोचीचा दंत्य. कागदाकडे बघून हे कोणालाही कळणार नाही, ते कानानेच कळते. इंग्रजी माध्यमात शिकणारी, मराठी फक्त घरात ऐकणारी मुले अक्षरे शिकल्यावर सगळे च सारखे म्हणू लागतात, आणि त्यांना नियम सांगून काही होत नाही. रोज दहा मिनिटे नीट उच्चारून वाचून दाखवलेली गोष्ट हे काम न सांगता करते.

अवघड शब्द आला तर

शब्द बदलू नये. ‘हिरमुसला’ ऐवजी ‘दुःखी झाला’ असे सोपे करून वाचणारे पालक मुलाच्या सोयीसाठी तसे करतात. पण घरातल्या रोजच्या बोलण्यात ‘जेव’, ‘आटप’, ‘बूट कुठे आहेत’ याच्या पलीकडचे शब्द फारसे येत नसतात, आणि लगबग, हिरमुसणे, खजील होणे, घनदाट, दचकणे असे शब्द मुलाला मिळण्याची जागा पुस्तक हीच असते. तोंड पाडून, खांदे सोडून ‘हिरमुसला’ वाचले की अर्थ अर्धा कळतो आणि उरलेला गोष्ट सांगते. वाचन थांबवून शब्दार्थ सांगणे शक्यतो टाळावे. मुलाने विचारले तर चार शब्दांत सांगून लगेच पुढे जावे.

वस्तूंची नावे याला अपवाद आहेत. जाते, उखळ, रांजण, शिंके या वस्तू शहरातल्या मुलाने पाहिलेल्या नसतात, आणि शिंके म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर लोणी चोरण्याची सारी खटपट त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. अशी वस्तू गोष्ट सुरू होण्याआधी दाखवावी किंवा कागदावर काढावी. एकदा चिमणीच्या गोष्टीत एका मुलाने विचारले की मेणाचे घर उन्हात वितळणार नाही का. त्याला उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि तसे मी त्याला सांगितले.

प्रश्न विचारावेत का

‘या गोष्टीतून तू काय शिकलास?’ हा प्रश्न विचारू नये. शनिवारी येणारा एक मुलगा कोणतीही गोष्ट संपली की आपणहून ‘खोटे बोलू नये’ असे सांगून टाकत असे, मग गोष्टीत खोटे बोलणारे कोणी असो वा नसो. तात्पर्य विचारले जाणार याची त्याला इतकी सवय झाली होती की गोष्ट ऐकताना तो त्याच तयारीत असायचा. त्याला गोष्ट ऐकू येऊ लागायला दोन महिने गेले.

बोलणे मात्र हवेच. दोन-तीन वर्षांच्या मुलांबाबत याचा पद्धतशीर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पालकांना चित्रपुस्तक वाचताना ‘हो-नाही’त उत्तर न देता येणारे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायला शिकवले, आणि महिन्याभराने त्या मुलांची बोलण्याची क्षमता नेहमीसारखे वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेलेली दिसली. घरात हे फार साधे असते. मूल चित्रावर बोट ठेवून ‘भू भू’ म्हणाले तर ‘हो, काळा भू भू, पावसात भिजलाय’ असे म्हणावे. ‘याने छत्री का नाही घेतली?’ असे विचारून उत्तराची वाट पाहावी. उत्तर आले नाही तर पुढे वाचावे, कारण गप्प बसण्याचा हक्क ऐकणाऱ्याला असतो.

मोठ्या मुलांना मी प्रश्न कमीच विचारतो. त्याऐवजी स्वतःचे मत सांगतो. ‘मला हा राजा अजिबात आवडला नाही’ असे म्हटले की तिघे त्याच्या बाजूने उभे राहतात. मुलाने मध्येच तोडून काही विचारले तर त्याला थोडक्यात उत्तर द्यावे. एकाच पानावर चौथा प्रश्न आला तर ‘हे पुढे कळते का बघू या’ म्हणावे. चुळबुळ करणाऱ्या मुलाला हात बांधून बसवू नये. कागद आणि खडू दिले की ते चित्र काढता काढता ऐकते, आणि लक्ष नाही असे वाटत असतानाच वगळलेली ओळ पकडते.

तेच पुस्तक पुन्हा

तीन-चार वर्षांचे मूल एकच पुस्तक महिनाभर मागते आणि पालक टेकीला येतात. मुलाला मात्र पुढे काय होणार हे ठाऊक असण्यातच समाधान असते. ते नाकारू नये, पण वाचण्याची रीत बदलावी. दहाव्या वाचनात वाक्याचा शेवटचा शब्द सोडून द्यावा, तो मूल भरील. पंधराव्या वाचनात पुस्तक मुलाच्या हाती देऊन ‘आज तू मला सांग’ म्हणावे. आपल्याला अगदीच असह्य झाले तर रोज दोन पुस्तकांचा करार करावा: एक त्याच्या आवडीचे, एक आपल्या.

मोठी गोष्ट, रोज थोडी

प्रकरणांचे पुस्तक सुरू करताना आधी हिशेब करावा. मिनिटाला शंभर शब्द धरले तर दोन हजार शब्दांच्या प्रकरणाला वीस मिनिटे लागतात, म्हणजे दहा प्रकरणांचे पुस्तक दोन आठवड्यांत, खाडे धरून तीन आठवड्यांत संपते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची रचना मुळात अशीच आहे: श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो, आणि प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच नावे आहेत. पुस्तक हृद्य आहे, तसेच रडवणारेही आहे, तेव्हा ते नऊ-दहा वर्षांच्या मुलासमोर आणि शेवटच्या रात्री आपण रडू शकतो याची तयारी ठेवून वाचावे.

रोज सुरुवातीला ‘काल आपण कुठे होतो?’ असे विचारून मुलाकडूनच दोन वाक्ये घ्यावीत. मध्ये चार दिवस गेले असतील तर आपण सांगावे. उत्कंठेच्या जागी थांबायला हरकत नाही, पण झोपण्याआधीच्या वाचनात भीतीच्या जागी थांबू नये. विहिरीत पडलेल्या मुलाला बाहेर काढूनच दिवा मालवावा. आणि पन्नास पानांनंतरही कोणाला पुस्तक आवडत नसेल, तर सरळ सोडून द्यावे.

वीस मुलांसमोर

बालवाडीत किंवा वाचनालयात मुलांना अर्धवर्तुळात जमिनीवर आणि स्वतः बुटक्या स्टुलावर बसावे. पुस्तक खांद्याच्या उंचीवर, पाने मुलांकडे करून धरावे आणि तिरप्या नजरेने वाचावे. हे चार-पाच दिवसांच्या सरावाने जमते. तोपर्यंत मजकूर लहान चिठ्ठीवर लिहून पुस्तकाच्या पाठीमागे चिकटवावा. बारीक रेषांची, फिक्या रंगांची चित्रे तिसऱ्या रांगेला दिसत नाहीत, म्हणून गटासाठी मोठ्या, ठळक चित्रांचे पुस्तक घ्यावे, आणि वाचून झाल्यावर ते कपाटात बंद न करता मुलांच्या हाताला येईल असे ठेवावे. नुकत्याच ऐकलेल्या पुस्तकावर मुले अक्षरशः तुटून पडतात. पाने फाटतील, चिकटपट्टी जवळ असावी.

घरात दोन भाषा असतील तर

पुण्यातले असो वा परदेशातले, इंग्रजीत उत्तर देणाऱ्या मुलाला ‘मराठीत बोल’ असे वाचनाच्या मध्ये सांगू नये. त्याने इंग्रजीत विचारावे, आपण मराठीत उत्तर द्यावे आणि पुढे वाचावे. आजी-आजोबा दूर असतील तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक इकडे आणि एक तिकडे. मग व्हिडिओ कॉलवर पान कॅमेऱ्यासमोर धरून बसावे लागत नाही, आजोबा वाचतात आणि नातू आपल्या प्रतीतले पान उलटतो. घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा कोकणी बोलली जात असेल तर छापील गोष्ट चित्रांवरून त्या बोलीत सांगावी, आणि मग पुस्तकातली भाषा वाचावी. मुले दोन्ही वेगवेगळी ठेवतात.

ज्यांना स्वतःला वाचता येत नाही किंवा अडखळत वाचावे लागते, त्यांनी वाचन दुसऱ्यावर सोपवून बाजूला होऊ नये. शब्द नसलेली चित्रपुस्तके मिळतात, ती बघून गोष्ट सांगता येते. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचणारे एक वडील आमच्याकडे येत. त्यांची मुलगी त्यांच्या गतीने ऐकत असे आणि घाई करत नसे.

पुस्तके कुठे मिळतात

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अनुदान मिळणारी वाचनालये अनेक गावांत आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी बालविभागही असतो. तिथे मुलाच्या नावाचे स्वतंत्र कार्ड काढावे आणि पुस्तक त्यालाच निवडू द्यावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत असून त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतात. एका बैठकीत संपणाऱ्या दोन-चार पानी गोष्टींसाठी त्यासारखा खजिना नाही. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके चार पातळ्यांवर लावलेली आहेत आणि ती मुक्त परवान्याखाली असल्यामुळे छापूनही घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके स्वस्त असतात. पाचगणीजवळचे भिलार हे गाव २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते; सहलीला तिकडे गेलात तर घाईने निघू नका.

मूल स्वतः वाचू लागल्यावर

दुसरी-तिसरीत मूल वाचू लागले की पालक सुटकेचा निःश्वास टाकून वाचून दाखवणे बंद करतात. मुलाला त्यातून एवढेच समजते की वाचायला शिकल्याची शिक्षा म्हणून मांडी गेली. म्हणून त्यानंतरही निदान चार-पाच वर्षे वाचणे चालू ठेवावे. आळीपाळीने वाचावे, एक पान त्याचे आणि एक आपले, किंवा निवेदन आपण आणि संवाद त्याने. ते चुकले आणि वाक्याचा अर्थ बिघडत नसेल, तर गप्प राहावे. अर्थ बिघडत असेल तर वाक्य संपू द्यावे. बहुतेक वेळा ते स्वतःच मागे येऊन पुन्हा वाचते. आणि एखाद्या रात्री आपल्या हातातून पुस्तक घेऊन ‘आज मी वाचतो, तू झोप’ असे ते म्हणाले, तर चष्मा काढून ठेवावा, डोळे मिटावेत आणि त्याने पान उलटण्याआधी थांबावे अशी वाट पाहावी.